कोण शिवलं?

कुजणाऱ्या विड्याच्या पानाला एक वास असतो. गोडसर, थोडा औषधी, आणि त्याच्या तळाशी काहीतरी मेलेलं. श्रावण लागला की पेणच्या बाजारात पानवाल्या बायका ओल्या फडक्यांत जुड्या गुंडाळून बसतात. सलग चार दिवस पाऊस लागला की तळाची पानं काळी पडतात आणि तो वास सगळ्या गल्लीला सुटतो. बाकीच्या बायका नाक मुरडून पुढे जातात. माझे पाय मात्र जागीच थिजतात. पूजेला पानं लागतातच, मीही घेते, पण बाईला म्हणते, पिशवीत तूच टाक. हातात घेत नाही. एकदा ती हसून म्हणाली, "ताई, पान काय चावतंय?" मी हसण्यावारी नेलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बुरशी कशी वाढते, साचलेलं पाणी तिला कसं मानवतं, हे दरवर्षी सातवीच्या फळ्यावर चित्र काढून समजावते. चित्र बरं काढते, असं मुलं म्हणतात. पण शिकलेलं सगळं डोक्यात जाऊन बसलं आणि भीती पोटात राहिली. चाळिशी ओलांडली तरी दोन्हींची भेट झालेली नाही. त्या वासाबरोबर मी बारा वर्षांची होते, पायाखाली चिखल असतो, आणि कुणीतरी विचारणार आहे, कोण शिवलं?

ते वर्ष नव्वदच्या दशकातलं, मधलं कुठलंसं. मीही तेव्हा सातवीतच होते. वडील नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होते. आईला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली होती. म्हणून आषाढात मला एक पत्र्याची पेटी देऊन मामाकडे पोचवलं आणि दिवाळीपर्यंत तिथल्याच शाळेत नाव घातलं. मामाचं गाव रोह्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिका जिथे खाडीची भाषा बोलायला लागते तिथलं. घरात तिघंच होती. मामा, मामी, आणि माझे आजोबा, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. मामा-मामीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मामी शिवणयंत्रावर गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, आणि यंत्राशेजारी चिंध्यांची एक वेताची टोपली असायची.

तो सगळा भाताचा आणि वालाचा मुलूख. विड्याची पानं म्हणजे खरं तर चौल-रेवदंड्याकडची. पण मामाचा मात्र पानमळा होता, अख्ख्या गावात एकच. दाट पोफळी, मध्ये मध्ये पांगारे, आणि प्रत्येकाला बिलगून वर चढलेली नागवेल. भर दुपारी आत गेलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. ही वेल गावात कशी आली याची गोष्ट आबा अडकित्त्याने सुपारी कातरत सांगायचे, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगायचे.

त्यांची पणजी भिकाई चौलाकडची. लग्न होऊन निघाली तेव्हा तिने ओटीत खण-नारळासोबत वेलीचं बेणं घेतलं. वाटेत खाडी भरली आणि वऱ्हाड दोन दिवस अडकलं. भिकाईने ओटी सोडली नाही. बेणं सुकू नये म्हणून आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी तिने पदरावर शिंपडलं. सासरच्या दारात आली तेव्हा तिची सासू म्हणाली, आधी वेल आत घ्या, मग सून. तेव्हापासून ही वेल या घरची थोरली सून. मळ्याच्या तोंडाशी एक काळा दगड होता, त्याला ओटीचा धोंडा म्हणत. भिकाई तिथे बसली होती म्हणे. श्रावणातलं पहिलं पान त्या धोंड्यावर ठेवायचं आणि मगच बाजारात पाठवायचं.

थोरल्या सुनेचे नियमही थोरले होते. चपला धोंड्याशी काढायच्या. आंघोळीशिवाय आत जायचं नाही. आत शिवी द्यायची नाही. आणि बाजूला बसलेल्या बाईने वेलीला हात तर नाहीच, सावलीसुद्धा लावायची नाही. ते चार दिवस मामी मागल्या पडवीत घोंगडीवर बसलेली मी पाहिली होती. शिवलं तर काय होतं, असं मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले की वेल पाताळातून आली, ती नागाची, म्हणून मळ्यात राखण आहे. साप म्हणायचं नाही, राखण म्हणायचं. राखण चावत नाही. ती वास काढत येते आणि ज्याचा विटाळ झाला त्याच्या पायथ्याशी बसून राहते, तो कबूल होईपर्यंत.

राखण कुणी पाहिली नव्हती. पण त्या वर्षी तिची कात सापडली होती. मळ्याच्या खालच्या अंगाला एक चर होता, सगळ्या मळ्याचं पाणी त्यातून ओढ्याला जायचं. मामा दर जेठात तो उपसायचा. यंदा फावडं घेऊन गेला तर चराच्या तोंडाशी हातभर लांब, अखंड कात पडलेली. आबांना बोलावलं. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, ही राखणीची बसायची जागा आहे, इथे फावडं लावायचं नाही. मग तिथे नारळ ठेवले आणि चर तसाच राहिला. मी गेले तेव्हा मला ती कात मोठ्या अभिमानाने दाखवण्यात आली. मलाही फार भारी वाटलं होतं.

आणि मग श्रावणातला तो सोमवार. अर्धी शाळा. मामा आणि मामी पानं पोचवायला रोह्याला गेले होते. आबांचा दमा बळावला होता, ते ओसरीवर बसून होते. मामी सांगून गेली होती की आल्यावर खालच्या अंगाची एक टोपली पानं खुडून ठेव. मी हातपाय धुतले, धोंड्याशी चपला काढल्या आणि आत गेले.

पाऊस पोफळींवर पडत होता आणि त्यांच्या अंगावरून ओघळून उशिराने खाली पोचत होता. चिखल घोट्यापर्यंत. खालच्या अंगाला तर पाणीच उभं होतं, नुसतं हललं तरी चुबुक आवाज यायचा. पोटात सकाळपासून बारीक दुखत होतं. शाळेत खाल्लेल्या चिंचेचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. खाली पाहिलं तर पोटरीवरून पाण्यात मिसळून एक लाल ओघळ उतरत होता.

पावसाळ्यात मळ्यात जळवा असायच्या. मी पोफळीला धरून पाय उचलला आणि जळू शोधली. पोटरीला, गुडघ्याला, मागच्या बाजूला. घरी जाऊन मीठ आणावं का, असाही विचार केला. जळू कुठेच नव्हती. मग एकदम कळलं. शाळेतल्या मोठ्या मुलींकडून ऐकून होते, तेवढं पुरेसं होतं.

तेव्हा हात मागे घ्यायला हवा होता. तसंच वळून बाहेर पडायला हवं होतं. पण टोपली अर्धीच भरली होती. अर्धी टोपली घेऊन गेले असते तर आबांनी विचारलं असतं, काय झालं गो? आणि ते मला एका पुरुषाला सांगायचं नव्हतं. म्हणून मी टोपली भरली. कळल्यावर भरली. जळू शोधत होते तोवरचं माफ असेल, पण नंतरची अर्धी टोपली माझी. इतकंच नाही, एक वेल पोफळीवरून सुटून लोंबत होती, ती लव्हाळ्याने बांधली. दोन गाठी मारून बांधली.

घरी येऊन चिंध्यांच्या टोपलीतून एक हिरव्या छापाचं सुती कापड काढलं. धुतलेलं वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून गोठ्यात पोफळीच्या सुक्या झापांच्या ढिगामागे पसरायचे. श्रावणात काय वाळणार? ओलंच वापरायचे. त्या ढिगात हात घालताना दर वेळी वाटायचं, आत काहीतरी गार, वेटोळं घालून बसलेलं असणार. दुसऱ्या दिवशी टोपलीत वरच जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे घडी करून ठेवलेले दिसले. माझं नशीब चांगलं आहे, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी वेल काळी पडली. नेमकी तीच. दोन गाठींची.

आधी देठाशी काळा डाग, मग पान पाणी सुटल्यासारखं लिबलिबीत, मग बुंधा बोटाने दाबला तर आत जाईल इतका मऊ. मग शेजारची वेल. मग तिच्या पुढची. रोग खालच्या अंगाकडून वर येत होता, घराच्या दिशेने. मामा सकाळी उठून आधी मळ्यात जायचा आणि परत येऊन घासघासून हात धुवायचा. वास आधी मळ्यात होता, मग धोंड्यापर्यंत आला, मग ओसरीवर. जेवताना पानात यायला लागला तेव्हा आबा म्हणाले, आता देवाला विचारलं पाहिजे.

गावदेवीच्या देवळात कौल लावायला आम्ही सकाळी गेलो. मामी घरीच थांबली, मी ताट घेऊन मागे उभी. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुणाची करणी आहे काय? बराच वेळ काहीच नाही, मग डावी पडली. पूजेत काही राहिलं काय? डावी. माझ्या हातातल्या ताटातलं निरांजन थरथरत होतं आणि ते थरथरणं सगळ्यांना दिसतंय असं मला वाटत होतं. गुरवाने नवीन पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "घरातली बाई शिवली काय?"

उजवी पाकळी लगेच पडली. वाऱ्याने पडली असेल, ओझरतं पाणी लागून पडली असेल. आज मी हे म्हणू शकते. तेव्हा वाटलं देवीने बोट उचलून दाखवलं. पण कुणी मागे वळून माझ्याकडे पाहिलंच नाही. घरातली बाई एकच, असं सगळे धरून चालले होते. मी पोर होते. त्या घरात आता दोन बाया आहेत, हे फक्त मला माहीत होतं.

घरी आलो तेव्हा मामी यंत्रावर कुणाचंतरी पोलकं शिवत होती. मामा दारातच उभा राहिला. तो ओरडणारा माणूस नव्हता, त्याचा आवाज उलट बसला होता. "कोण शिवलं?" त्याने विचारलं.

मामीने तळवा लावून चाक थांबवलं. आधी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. मग मामाकडे पाहून म्हणाली, "मी शिवले."

आपल्या भाषेत सुईने जोडण्याला आणि विटाळण्याला एकच शब्द आहे. क्षणभर मला खुळ्यासारखं वाटलं की ती हातातल्या पोलक्याबद्दलच बोलतेय. मग आबांनी डोळे मिटले आणि म्हणाले की सूनबाईने माहेरी जावं, वेल सावरली की बोलावू. वेल सावरणार नव्हती. हे मामाला, मामीला आणि मला, तिघांनाही ठाऊक होतं. बहुधा आबांनाही असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर तिला एसटीत बसवायला मामा आणि मी गेलो. तिचं माहेरही भिकाईसारखंच, चौलाच्या अलीकडे. मामा पुढे जाऊन वाटेकडे बघत उभा होता. मामी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "यंत्राच्या खणात मऊ कापड हाय. लागलं तर घे. कुनाला मागू नको." मी मान हलवली. घरून निघाल्यापासून मी ठरवलं होतं, एसटी दिसली की सांगायचं. मग ठरवलं, थांबली की सांगायचं. एसटी आली, थांबली, मामी पायरीवर चढली, वळली. मी म्हटलं, "मामी, छत्री राहिली."

मी भित्री होते. दुसरा शब्द नाही त्याला.

गणपती आले. दरवर्षीसारखी मूर्ती हमरापूरची, यंदा वडील घेऊन आले. मला म्हणाले, वाळलीस गो, जेवत नाहीस का? त्यांनाही सांगता आलं असतं. आरती झाली, प्रसाद झाला, ते रात्रपाळीला निघून गेले. गौरी त्या वर्षी आमच्याकडे बसल्याच नाहीत, बसवणारी घरात नव्हती. विहिरीवर दोन बाया बोलत होत्या, मी कळशी घेऊन मागे उभी होते. एक म्हणाली, अकरा वर्षं झाली, मूल नाही, आता वेल पण घालवली, दुसरी बघतील नाहीतर काय. सोबतची म्हणाली, बघितली पण असेल. मला कळशी उचलेना. तोवर मी सापाला भीत होते. त्या दिवसापासून त्याहून मोठ्या गोष्टीला भ्यायला लागले, आणि सापाची भीतीही कमी झाली नाही. दोन्ही भीती एकाच पोटात राहू लागल्या.

एक दिवस शाळेतून आले. घरात अंधारलेलं होतं, बाहेर धो धो पाऊस. दप्तर ठेवायला वळले आणि माझ्या वळकटीच्या पायथ्याशी ते दिसलं. पिवळसर, वेटोळं, तोंड वर. मी ओरडले नाही. ओरडायचं असतं ते ज्याची चूक नाही त्याने. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, मी शिवले, मी शिवले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आवाज आल्याशिवाय कबुली धरतात की नाही, हे आबांनी सांगितलं नव्हतं.

किती वेळाने मामा आला देव जाणे. तो आला, माझ्याकडे पाहिलं, वाकला आणि हाताने ते उचललं. मामीची मापं घ्यायची टेप होती. यंत्रावरून घसरून पडली असणार. ती टेप त्याने बोटाभोवती हळूहळू गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली, आणि सदऱ्याच्या खिशात घातली. त्या क्षणी मी त्याला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. मला हे तेव्हाच कळलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत वडील न्यायला आले. मळा तोवर उघडा पडला होता, नुसत्या पोफळी, आणि त्यांच्या अंगावर वेलीचे काळे दोर. मामी आली नव्हती. मी तोंड मिटून एसटीत बसले. पेणला आले तर घरात नवा भाऊ होता, सगळे हसत होते. मीही हसले.

महिन्याभराने मामाचं पत्र आलं, आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मामी परत आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. एक दिवस सकाळी भावाला सोबत घेऊन ती दारात उभी राहिली, आणि तिच्या ओटीत माहेरच्या मळ्यातलं वेलीचं बेणं होतं. आबा ओसरीवर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं. वेल ओटीत घेऊन आलेल्या सुनेला दारातून परत पाठवायचं म्हणजे भिकाईला परत पाठवायचं. आबांनी स्वतः उठून पायावर घालायला पाणी आणलं आणि म्हणाले, आधी वेल आत घ्या. आई वाचता वाचता रडली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटलं, आता ती समोर असेल, आणि मला तिच्या तोंडाकडे बघावं लागेल.

पुढे दर वर्षी जात राहिले. घरात जायचे, मळ्यात नाही. कधी पायात काटा, कधी सर्दी, कधी चपलेचा अंगठा तुटलेला. लग्न झालं, नोकरी लागली, आबा गेले, मग मामाही गेला. मामीने सवत पाहिली नाही आणि मूलही पाहिलं नाही. मामा शेवटपर्यंत तिच्या हातचंच जेवला. मळा मात्र पुन्हा असा काही भरला की आत ऊन शिरेना.

गेल्या श्रावणात मी मामीला भेटायला गेले. साठी ओलांडली आहे, पण पाठ अजून ताठ. जेवण झाल्यावर म्हणाली, चल, तुला पूजेला पानं देते. बोलत बोलत आम्ही धोंड्यापाशी आलो. तिने चपला काढल्या आणि आत शिरली. मी थांबले. म्हटलं, तू आण, माझा गुडघा दुखतोय.

ती चार पावलं पुढे गेली होती. तिथूनच वळून म्हणाली, "कितवा दिवस गो?"

इतकी वर्षं फळ्यावर बुरशीची चित्रं काढणारी मी, मान खाली घालून म्हणाले, "दुसरा." आणि मग थांबता आलं नाही. धोंड्याच्या अलीकडे उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. जळू, अर्धी टोपली, लव्हाळ्याच्या दोन गाठी, देवळातलं थरथरणारं निरांजन, छत्री. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता पानं खुडत होती.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "हिरव्या छापाचं कापड गेलं व्हतं टोपलीतनं. त्याच्या बाह्या काढायच्या व्हत्या मला."

"आणि तरी माझ्यासाठी खोटं बोललीस."

"खोटं कशाला बोलू? मी शिवलेच व्हते."

मला कळलं नाही. ती हातातली पानं एकावर एक रचत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तशी सांगू लागली. बाजूला बसलं की घराला कळायचं, घरातून गावाला कळायचं, की याही महिन्याला काही नाही. म्हणून ती कधी बसायची, कधी बसायची नाही. दोन महिने बसली नाही की आबा जेवताना दुधाची वाटी तिच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, घे सूनबाय. त्या वाटीसाठी ती गप्प राहायची. आणि गप्प राहायचं तर रोजच्यासारखं मळ्यातही जायलाच हवं, खुडायला हवं, बांधायला हवं. तेव्हा लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यातली दहा तरी असंच चाललं होतं.

"वेल काय बोलली नाय कदी," ती म्हणाली.

मग रोग कशाने आला, हे तिला विचारायची गरज नव्हती, ते मला शाळेत शिकवायला लागल्यावर उमगलं होतं. तरी ती म्हणाली, परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेऊन चर उपसला. मामा नको नको म्हणत काठावर उभा. आतून दीड हात गाळ निघाला, कुजकी झापं निघाली आणि कोंब आलेले नारळ निघाले. राखण काही निघाली नाही. आबांनी ओसरीवरून सगळं पाहिलं आणि पुढे त्या चराचं नाव घरात कुणी काढलं नाही.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली तर. वेलीची नाय, मान्सांची." तिने एक पान उलटं करून पाहिलं, नको म्हणून सोडून दिलं. "दारात उभी व्हते तवा पाय नुसते लटलट कापत व्हते. आईला सांगितलं नव्हतं मी. तिनं वटी भरली, बेणं घातलं. तुजा आज दुसरा ना? माजापन त्या दिवशी दुसराच व्हता."

मी मळ्याकडे पाहिलं. त्या ओटीतून उतरलेल्या वेली पोफळींच्या शेंड्यांपर्यंत गेल्या होत्या, आणि भिकाईची वाट दोन दिवस अडली होती ती नक्की खाडीच्या पाण्यानेच का, असं पहिल्यांदा मनात आलं. मामी एका वेलीपाशी हात टेकून नुसती उभी राहिली.

मी चपला काढल्या. धोंडा ओला होता. आत जाताना नजर चराच्या तोंडाकडे गेलीच, आणि मामीपाशी पोचेपर्यंत तिथून हलली नाही. मामीने एक पान बोटाने दाखवलं. मी हात पुढे केला आणि तो कापायला लागला, म्हणून मागे घेऊ लागले.

"कापू दे," मामी म्हणाली. "खूड."